शिशावरचा शिक्का

ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात बाबांचं किराणा दुकान होतं. दुकानातली लोखंडी वजनं षटकोनी, काळी, वर्षानुवर्षं हाताळून कडा गुळगुळीत झालेली. किलोचं वजन पालथं केलं की तळाशी एक खोबण दिसायची आणि त्या खोबणीत शिसं भरलेलं असायचं. शिसं मऊ. त्यावर वजनमापे खात्याच्या निरीक्षकाने ठोकलेला शिक्का: वर्षाचे आकडे, तिमाहीचं एक अक्षर आणि त्याची स्वतःची खूण. शाळेतून आले की मी गल्ल्यामागे बसून त्या शिशावर अंगठा फिरवत राहायची. वजन झिजलं तर शिसं घालून ते पुरं करता यावं म्हणून ती खोबण, आणि मधल्या मधे कुणी शिसं कोरून काढू नये म्हणून तो शिक्का, हे बाबांनी मला सात-आठ वर्षांची असताना सांगितलं. "वजन आपलं, पण शिक्का आपला नाही," असं ते म्हणायचे.

आता मी वागळे इस्टेटमधल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. एकवीस वर्षं झाली. कारखान्यांतले मल्टीमीटर, क्लॅम्प मीटर, थर्मामीटर आमच्याकडे येतात. ते आमच्या प्रमाण उपकरणाशी ताडून पाहायचे आणि कुठे किती चुकतात ते लिहून द्यायचं. आमचं उपकरण त्याहून वरच्या उपकरणाशी ताडलेलं, ते आणखी वरच्या, आणि साखळीचं टोक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. बाबांच्या किलोलाही अशीच साखळी होती. दिल्लीत प्लॅटिनम-इरिडियमचा ५७ क्रमांकाचा किलो जपून ठेवलेला, आणि त्याच्या मागे पॅरिसजवळच्या सेव्रमधला मूळ किलो. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या धातूच्या तुकड्यावरून प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर गेली. तेव्हा बाबा नव्हते. असते तर मी त्यांना दुकानाच्या पायरीवर बसवून ते सगळं समजावून सांगितलं असतं, आणि त्यांनी शेवटी विचारलं असतं, "म्हणजे आता शिक्का कोण मारणार?"

आमच्या प्रमाणपत्रावर नुसता आकडा कधीच जात नाही. कशाने मोजला, कोणत्या तारखेला, खोलीचं तापमान किती होतं आणि मोजण्यातली अनिश्चितता किती, हे सगळं त्याच्या शेजारी लिहिलेलं असतं. त्याशिवाय मी सही करत नाही.

गेल्या मे महिन्यात भाचा माझ्याकडे एक बॅटरी घेऊन आला. तो नववी संपवून दहावीत गेलेला. रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांचं त्याला वेड आहे. खेळण्यातल्या नव्हे, खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या, ब्रशलेस मोटरच्या, मैदानावर धुरळा उडवत जाणाऱ्या. घोडबंदर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीतली पाच-सहा मुलं रविवारी सकाळी जमतात, वाढदिवसाचे पैसे साठवून पार्ट घेतात, रात्री जागून सोल्डरिंग करतात. मला त्या मुलांचं फार कौतुक वाटतं. मोटरचं वाइंडिंग, गिअरचं गुणोत्तर, टायरची पकड, सगळं ती हाताने शिकतात.

"आत्या, पॅक फुगलाय," तो म्हणाला.

प्लास्टिकच्या कडक कवचातला पॅक, आंघोळीच्या साबणाच्या दोन वड्या एकापुढे एक ठेवल्यासारखा. कवचाची शिवण एका बाजूने उघडली होती आणि आतली चंदेरी पिशवी भाकरी फुगावी तशी वर आली होती. नाकाजवळ नेल्यावर गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास. लिथियम-पॉलिमर सेलच्या आत वायू तयार झाला की असं होतं. असा पॅक पुन्हा चार्जरला लावायचा नाही, घरात ठेवायचा नाही. आम्ही तो आधी बाल्कनीत मातीच्या कुंडीत ठेवला आणि मग बोलायला बसलो.

पॅकवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत छापलं होतं: ५००० एमएएच, ७.४ व्होल्ट, ५० सी, आणि त्याखाली बारीक, १०० सी बर्स्ट, म्हणजे क्षणभरासाठी. त्याने ज्या दुकानातून अशा दोन पॅकची जोडी घेतली होती तिथे फोटो पाठवून विचारलं, तर उत्तर आलं होतं, "जास्त लोड दिला असणार." मुलाने वहीत हिशोब केला होता. नव्या मोटरने गाडी निघताना क्षणभर ११० अँपिअरपर्यंत जाते, एरवी सरासरी तीसच्या आतबाहेर. लेबलप्रमाणे पॅक २५० अँपिअर सतत देऊ शकतो. म्हणजे निम्म्याहूनही कमी. हिशोब बिनचूक होता. तरीही तो मला म्हणाला, "माझंच काहीतरी चुकलं असेल ना?"

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. पंधरा वर्षांचा मुलगा छापील आकड्यावर विश्वास ठेवतो, त्यावरून नीट गुणाकार करतो, आणि गोष्ट बिघडली की स्वतःवर संशय घेतो.

आता हा सी काय आहे ते सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. पॅकची क्षमता जेवढी, त्याच्या किती पट करंट तो देऊ शकतो, तो पटीचा आकडा म्हणजे सी. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास. एक सी म्हणजे ५ अँपिअर, एका तासात पॅक रिकामा. दोन सी म्हणजे १० अँपिअर, अर्ध्या तासात रिकामा. इथवर सगळं सरळ. ५० सी म्हणजे २५० अँपिअर, आणि पॅक रिकामा व्हायला ३६०० सेकंदांचा पन्नासावा भाग, ७२ सेकंद.

मी त्याला विचारलं, "७२ सेकंदांत हा पॅक कुणी रिकामा करून पाहिलाय?"

तो हसला. मग गप्प झाला.

२५० अँपिअर म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर यावं म्हणून सांगते. आमच्या अख्ख्या फ्लॅटचा मेन स्विच ६३ अँपिअरचा आहे. व्होल्टेज वेगळं, मान्य; पण तार तापते ती अँपिअरने. या पॅकला कारखान्यानेच लावलेली तार १२ गेजची, आणि कनेक्टर एक्सटी-९०, म्हणजे ९० अँपिअरच्या हिशोबाने बनवलेला. जाऊन-येऊन वीतभर तारेतून २५० अँपिअर गेले तर नुसत्या त्या तारेतच ६० वॅटहून जास्त उष्णता तयार होईल. ज्यांनी लेबलवर ५० छापलं त्यांनीच हा कनेक्टर सोल्डर केला. त्यांना तो आकडा खरा वाटत असता तर त्यांनी असा कनेक्टर लावलाच नसता.

जोडीतला दुसरा पॅक चांगला होता. मी साहेबांची परवानगी घेतली आणि एका शनिवारी दुपारी भाच्याला लॅबमध्ये घेऊन गेले. काम केलं ते मात्र मागच्या शेडमध्ये. एसीच्या खोलीत, उपकरणांच्या मधोमध लिथियम तापवायचं नसतं. वाळूची बादली शेजारी. पॅकच्या पाठीवर तापमान मोजणारं थर्मोकपल चिकटपट्टीने दाबून बसवलं. शेडमध्ये ३३ अंश होते आणि पॅकही ३३ अंशांवर.

आधी वजन. २५४ ग्रॅम. मग प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध: एकाचा ३.४ मिलिओहम, दुसऱ्याचा ३.१. मग पूर्ण चार्ज करून १ अँपिअरने, म्हणजे ०.२ सीने, सावकाश रिकामा केला. जवळजवळ पाच तास लागले, तोवर आम्ही वडापाव खाऊन आलो आणि त्याने शेडमधल्या जुन्या मीटरची एक पेटी उघडून बघितली. निघाले ४७८० एमएएच. छापील ५०००च्या साधारण ९६ टक्के. मला बरं वाटलं, खरंच.

पुढच्या शनिवारी करंट वाढवला. ४० अँपिअरवर सात मिनिटांच्या आसपास, पॅक ४८ अंश. कोमट-गरम, हातात धरता येण्यासारखा. मग थंड होऊ दिला, पुन्हा चार्ज, आणि ७५ अँपिअर. लोडचा, म्हणजे पॅकमधून ठरलेला करंट ओढणाऱ्या यंत्राचा, पंखा घोंघावू लागला. भाचा स्टॉपवॉच घेऊन तापमान मोठ्याने वाचत होता. एक मिनिट, एक्केचाळीस. दोन मिनिटं, पन्नास. कुणी बोलत नव्हतं. तीन मिनिटं होता होता एकोणसाठ, आणि मी स्विच ओढला. ६० अंशांपलीकडे लिथियम-पॉलिमर नेत नाहीत. आतली रसायनं तिथून पुढे बिघडत जातात. पाठीवर ५९ म्हणजे पोटात त्याहून जास्तच. तोवर पॅकमधून पावणेचार हजारांच्या आसपास निघाले होते.

७५ अँपिअर म्हणजे १५ सी. ठाण्याच्या मे महिन्यात, या पॅकचं मला सही करता येईल असं उत्तर १५ आहे. छापलंय ५०.

२५० अँपिअर आम्ही दिले नाहीत. आमच्या लोडची मर्यादाच १५० आहे, आणि जास्त असती तरी दिले नसते. पण कागदावर हिशोब मांडायला काहीच लागत नाही. करंटचा वर्ग गुणिले रोध. २५० गुणिले २५० गुणिले साडेसहा मिलिओहम, म्हणजे चारशे वॅट. कपड्यांच्या साध्या इस्त्रीच्या निम्मी उष्णता, साबणाच्या दोन वड्यांएवढ्या बंद डब्यात. सेलचा एक ग्रॅम एक अंशाने तापायला साधारण एक जूल लागतो. ७२ सेकंदांत ही सगळी उष्णता आतच राहिली, तर २५४ ग्रॅमचा पॅक ११५ अंशांनी तापेल. ३३ मध्ये ११५ मिळवा. सुरक्षेच्या चाचणीत सेल भट्टीत ठेवून मुद्दाम छळतात ते १३० अंशांपर्यंत.

प्रत्यक्षात गाडीत हे घडत नाही. तिथवर पोचायच्या आधीच व्होल्टेज कोसळतं, स्पीड कंट्रोलर मोटरचा पुरवठा तोडतो, गाडी मैदानाच्या मधोमध उभी राहते. म्हणून तर लेबल पकडलं जात नाही. ५० सी खरा आहे का हे तपासायला कुणी जातच नाही. पण पन्नासावर भरवसा ठेवून तीस-पस्तीसची मोटर मात्र लोक बसवतात, आणि पॅक वीस-बावीसलाच थकतो, फुगतो, एखादा पेटतो.

घरी येताना तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षात भाच्याने विचारलं, "मग ४७८० बरोबर कसं आलं? लबाडीच करायची तर तिथेही केली असती की."

या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. क्षमतेच्या आकड्यामागे ठरलेली रीत आहे. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं ६१९६० हे मानक सांगतं की सेल २० अंशांच्या आसपास ठेवा, ०.२ सीने ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत रिकामा करा, जे निघेल ती क्षमता. ते जगभर एकच. पण नुसत्या मानकाने भागत नाही. खरी राखण होते ती मुलांच्या चार्जरमुळे. या मुलांचा प्रत्येक चार्जर किती एमएएच भरले ते पडद्यावर दाखवतो. ५००० छापलं आणि दर वेळी ३६००च भरले, तर पहिल्याच रविवारी पाच मुलांना कळतं आणि सोमवारपर्यंत अख्ख्या ठाण्याला. सीचं तसं नाही. तो मोजायला दीडशे अँपिअरचा लोड लागतो, थर्मोकपल लागतं, आणि मुख्य म्हणजे किती वेळ, किती अंशांपर्यंत, किती व्होल्टपर्यंत, हे आधी ठरलेलं असावं लागतं. ते कुणीच ठरवलेलं नाही. बर्स्ट म्हणजे दहा सेकंद की दोन? कुठेच लिहिलेलं नाही.

मोजणारा समोर नसला की क्षमतेचा आकडाही सुटतो. बॅटरीतले ‘१८६५०’ नावाचे सेल घ्या, १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे. नामांकित कारखान्यांचे उत्तमातले उत्तम सेल ३५०० एमएएचच्या आसपास जातात, त्याहून फारसं त्या नळकांड्यात मावत नाही. आणि स्वस्तातल्या टॉर्चबरोबर येणाऱ्या सेलवर ९८००, ९९०० छापलेलं असतं. टॉर्च घेणारा मोजत नाही. रात्री वीज गेल्यावर तासाभरात उजेड मंदावला की तो म्हणतो, चार्ज कमी राहिला असेल.

पॉवर बँकचं जरा वेगळं आहे. २०,००० एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा; फोनला ५ व्होल्टने देताना तो पंधरा हजारांच्या आत येतो आणि मधली गळती जाऊन बारा-तेरा हजार. तो मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला असतो. दोन्ही आकडे खरेच. पण मोठ्या अक्षरांत कुठला छापायचा, हे कोणाच्या सोयीने ठरतं ते उघड आहे.

माझ्या वयाच्या वाचकांना पीएमपीओ, म्हणजे स्पीकरची क्षणभराची कमाल ताकद सांगणारा आकडा, आठवत असेल. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरच्या स्पीकरवर चंदेरी स्टिकर असायचा, १००० वॅट पीएमपीओ, आणि मागचा ट्रान्सफॉर्मर जेमतेम वीस वॅटचा. आमच्या शेजाऱ्यांनी गणपतीसाठी असाच एक घेतला होता. आरतीच्या वेळी आवाज चिरकायचा आणि आजूबाजूचे सगळे म्हणायचे, कॅसेट खराब आहे. अमेरिकेत ॲम्प्लिफायरच्या वॅटचा असाच बाजार झाला होता, तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला. वॅट छापायचे तर सतत देता येतील तेच छापा, किती ओहमच्या स्पीकरवर आणि आवाजाच्या किती विकृतीपर्यंत तेही सांगा, आणि मोजायच्या आधी ॲम्प्लिफायर एक तास ठरलेल्या भारावर चालवून तापवून घ्या. तापवून घ्या, ही अट मला फार आवडते. ज्याने कुणी ती घातली त्याने ॲम्प्लिफायर हाताळलेला होता.

आमच्या आजोबांच्या काळात शेर होता. तेच दुकान, त्या आधीची पिढी. मुंबईचा जुना शेर जेमतेम तीनशे ग्रॅमच्या वर, आणि ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर ९३३ ग्रॅम. शब्द एक, माल तिप्पट. कुठल्या गावची पायली, कुठला शेर, हे विचारल्याशिवाय घाऊक बाजारात सौदा होत नसे, आणि जो नवखा विचारत नसे तो बुडत असे. १ ऑक्टोबर १९५८ पासून आपल्याकडे किलो यायला सुरुवात झाली. आजोबांनी म्हणे सुरुवातीला कुरकुर केली. मग एक दिवस बाबांना म्हणाले, "आता गिऱ्हाइकाशी मापावरून भांडण नाही, फक्त भावावरून." बाबा ही गोष्ट दर दिवाळीत सांगायचे.

सीचा आकडा मला त्या शेरासारखा वाटतो. ५० कुणाचा, कुठल्या गावचा?

मानकं नाहीत असं नाही. लिथियम सेलच्या सुरक्षेसाठी आयईसी ६२१३३ आहे, त्याला धरून आपल्याकडे आयएस १६०४६ आहे. फोनच्या बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचा जो आर-ने सुरू होणारा क्रमांक असतो तो त्याच नोंदणीचा. विमानातून न्यायचं तर संयुक्त राष्ट्रांच्या ३८.३ या कलमाच्या चाचण्या आहेत, उंचीवरची विरळ हवा, कंप, आघात, शॉर्ट सर्किट अशा आठ. हे सगळं महत्त्वाचं आहे आणि ते करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण त्या चाचण्या पॅक पेटेल का हे विचारतात. लेबलवर लिहिलंय तेवढं तो देतो का, हा प्रश्न त्यांचा नाही. आमच्या हाती आलेल्या जोडीवर तसा कुठला क्रमांकही नव्हता. आणि मला तर हे दोन प्रश्न वेगळे वाटतच नाहीत. आकडा फुगवलेला असला की पॅक फुगतो. भाच्याच्या हातातला पॅक बिघडला तो कुणी त्याला खिळा मारला म्हणून नाही. त्याला सांगितलेल्या ताकदीवर त्याने विश्वास ठेवला म्हणून.

यात सगळ्यात जास्त मरतो तो खरा माल बनवणारा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे पॅक आले तेव्हा लेबलवर १० सी, २० सी असायचं. मग कुणीतरी ३० छापलं. शेजारच्याने ४०. आज शंभर, एकशेवीस, दीडशे. सेल सुधारले हे खरं, पण इतके नाही. आता ज्याने प्रामाणिकपणे मोजून २५ छापले असतील त्याचा पॅक फळीवर शंभरच्या शेजारी ठेवला तर कोण घेईल? तो दोन वर्षं तग धरेल, मग एक तर छापखान्याला नवा आकडा देईल किंवा दुकान बंद करेल. हे मी ऐकीव सांगत नाही, दुकानाच्या पायरीवर बसून पाहिलंय. बाबांच्या समोरच्या गल्लीत एक जण तूरडाळ किलोमागे एक रुपया स्वस्त द्यायचा. तो काटा मारतो हे सगळ्या बाजाराला माहीत होतं, गिऱ्हाइकाला नव्हतं. एकदा आमच्या नेहमीच्या एक काकू त्याच्याकडची पाच किलोची पिशवी घेऊन आमच्याकडे गूळ घ्यायला आल्या आणि डाळीचा भाव सांगून बाबांना म्हणाल्या, "तुम्हीच महाग झालात हो." बाबा त्या दुकानदाराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. "पिशवी ठेवू का जरा?" एवढंच विचारलं. तराजू उचलून रिकामी पारडी समोर धरली, काटा मधोमध थांबेपर्यंत थांबले, पासंग नाही हे काकूंना दाखवलं, मग एका पारड्यात पाच किलो आणि दुसऱ्यात ती पिशवी. पिशवीचं पारडं वरच राहिलं. बाबांनी दोनशे ग्रॅमचं पितळी वजन पिशवीच्या बाजूला ठेवलं. तरी वरच. आणखी एक पन्नासचं ठेवलं तेव्हा काटा सरळ झाला. काकूंनी हिशोब तिथेच उभ्याने केला.

मला हवंय ते फार मोठं नाही. लेबलवर चार ओळी. किती अँपिअर सतत, पॅक कितीपासून किती अंशांपर्यंत तापला, शेवटी प्रत्येक सेल किती व्होल्टवर होता, आणि अंतर्गत रोध किती, तोही कोणत्या तापमानाला, कारण गार पॅकचा रोध जास्त येतो आणि कोमट पॅकचा कमी. शिवाय वजन. जास्त करंट देणाऱ्या सेलमध्ये धातूच्या पत्र्याचे थर जास्त लागतात, त्यामुळे त्याच क्षमतेचा खराखुरा दमदार पॅक जरा जड असतो. ते घरच्या काट्यावर कुणालाही पाहता येतं. आकडा लहान दिसेल याची भीती बाळगायचं कारण नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आहे, तिथे मोजलेलं मायलेज रस्त्यावर कुणालाच मिळत नाही हे घराघरांत माहीत आहे. तरी आपण गाडी घेताना तोच आकडा विचारतो, कारण चाचणीत सगळ्या गाड्या एकाच रीतीने चालवलेल्या असतात. रस्त्यावर कमी मिळेल, पण दोन गाड्यांतला फरक पाहायला तो आकडा कामाला येतो. तेवढा भरवसा एका मुलाला पाच हजार एमएएचच्या पॅकबद्दल मिळावा, असं मला मनापासून वाटतं. आणि सगळे कारखानदार एका टेबलाशी बसेपर्यंत थांबायचीही गरज नाही. लॅब आहेत, लोड आहेत, मोजून मोजलेलं सांगणारे लोक या छंदात आहेत. आकडे साचत गेले की लेबलांना लाज वाटायला लागेल.

फुगलेला पॅक आम्ही बल्ब लावून सावकाश शून्यापर्यंत उतरवला आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिला. दुसरा बरेच महिने त्याने जुन्या, हलक्या मोटरवर चालवला. दिवाळीनंतर त्याला तो विकायचा होता. सोसायटीतल्या सातवीतल्या एका मुलाने नुकतीच गाडी घेतली होती. मी त्या दिवशी तिथेच होते. भाच्याने पॅक सकाळीच पुन्हा मोजला होता आणि पिवळ्या ५० सीच्या खाली पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलं होतं: १ अँपिअरवर ४६१०. रोध ३.९, ३.५, तापमान २८. ७० अँपिअरच्या वर नेऊ नये. तारीख.

तो मुलगा पट्टी वाचत राहिला. "दादा, वरती तर पन्नास सी लिहिलंय."

"ते छापलेलं आहे. हे मोजलेलं आहे," भाचा म्हणाला. "वजन पण लिहायचं राहिलं. थांब."

त्याने आईचा स्वयंपाकघरातला काटा आणून टीपॉयवर ठेवला, चालू केला, आणि त्यावर काहीच न ठेवता तो त्या मुलाकडे फिरवला. शून्य दिसेपर्यंत दोघं थांबले. मग त्याने पॅक ठेवला.